मुळशीच्या रुळांवरील पिस्तूल

हरणाच्या शिकारीला कोणत्या बोअरचे हत्यार न्यावे, यावर जुन्या काळच्या शिकाऱ्यांत मोठे वाद झडत. कोणी बारा बोअरच्या बंदुकीची बाजू घेई, कोणी रायफलीची. मात्र वादाच्या मुळाशी असलेला नियम सर्वांनाच मान्य होता. जनावर पहिल्या गोळीत, जागच्या जागी पडले पाहिजे. पोटात किंवा पायात गोळी घेऊन झाडीत शिरलेले हरीण तासन् तास तडफडत राहते आणि अशी जखम करणाऱ्याला शिकाऱ्यांच्या वर्तुळात मान नसे. म्हणून बोअर ठरवायचे ते हौसेवरून नव्हे, तर जनावराचे वजन, मधले अंतर आणि गोळीच्या अंगचा जोर यांवरून. या हिशेबात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांना आपल्याकडच्या शिकाऱ्यांनी कधी मुख्य हत्याराचे स्थान दिले नाही. ते कमरेला असलेच, तर पडलेल्या जनावराचे हाल संपवण्यासाठी किंवा अचानक अंगावर आलेल्या संकटासाठी.

मुळशीच्या डोंगरांतही भेकरे आणि सांबरे होती, आजही आहेत. पण या पेट्याच्या इतिहासात ज्या पिस्तुलाची नोंद झाली, ते शिकारीचे नव्हते. १९२४ च्या डिसेंबर महिन्यात धरणाच्या कामावर निघालेली कंपनीची गाडी अडवताना ते पांडुरंग महादेव बापट यांच्या हातात होते. या गोळीने जनावर नक्की मरेल ना, असा शिकाऱ्याचा प्रश्न असतो. बापटांचा प्रश्न नेमका उलटा होता. गाडी थांबावी, पण माणूस मरू नये, हे या हत्याराने साधेल काय? महाराष्ट्र ज्यांना सेनापती म्हणून ओळखतो, त्यांच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिला.

तलवारीवरील शपथ

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची. मुलगा मात्र विलक्षण बुद्धिमान. मॅट्रिकला संस्कृतातील मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. १९०३ मध्ये बी. ए. झाले.

ते पुण्यात आले तेव्हा शहर चापेकर प्रकरणाच्या छायेतून बाहेर पडलेले नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड मात्र रुग्णालयात ३ जुलैपर्यंत जगला. अंतर सारखेच जवळचे, रात्र तीच, तरी परिणाम वेगवेगळे. पिस्तुलाच्या गोळीचा भरवसा किती, हे त्या एका रात्रीने दाखवून दिले होते. अर्थात पुण्यातील तरुणांनी त्या घटनेतून घेतला तो धडा वेगळाच होता. चापेकरांच्या परंपरेतील एका मित्राच्या सहवासात बापटांनी नंगी तलवार हाती धरून देशासाठी आयुष्य वेचण्याची शपथ घेतली.

१९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले आणि एडिंबरो येथील हेरियट-वॅट कॉलेजात यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊ लागले. तेथील रायफल क्लबात त्यांनी नेमबाजीचेही शिक्षण घेतले. साम्राज्याच्याच मैदानावर, साम्राज्याच्याच बंदुकीने! रायफलीचे शिक्षण शिस्तीचे असते. श्वास रोखून, खांद्याला दस्ता टेकवून, चाप हळूच दाबायचा. लांब नळीतून सुटलेली गोळी जिथे नेम धरला तिथेच बहुधा जाते. हाताच्या पंज्यात मावणाऱ्या हत्याराचे तसे नाही. मनगट किंचित हलले तरी काही पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते, आणि धावपळीत, ओरडाआरड्यात मनगट हलतेच. रायफल क्लबात शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नसणे शक्य नाही.

शिक्षण पुरे होण्याआधीच शिष्यवृत्ती गेली. ब्रिटिश राजवटीतील भारताच्या स्थितीवर त्यांनी एडिंबरोत निर्भीड भाषण केले आणि मुंबई विद्यापीठाची मदत थांबली. पंडित श्यामजी कृष्णवर्मा आणि इंडिया हाऊसमधील मंडळींच्या आधाराने ते लंडनला राहिले. तेथे त्यांचा सावरकरांशी संबंध आला.

पॅरिसहून आणलेली विद्या

बापट, बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे तिघे बॉम्बविद्या शिकण्यासाठी पॅरिसला गेले. तेथील रशियन क्रांतिकारकांकडून त्यांना एक पुस्तिका मिळाली. ती रशियन भाषेत होती. तिचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले गेले. १९०८ मध्ये बापट ती विद्या घेऊन मायदेशी परतले. हेमचंद्र आधीच कलकत्त्यात पोहोचून कामाला लागले होते.

या ठिकाणी बापटांच्या मनातील गुंता प्रथम स्पष्ट दिसतो. बॉम्ब कोणाला मारण्यासाठी नाही, जनतेला जागे करण्यासाठी आणि सरकारचे लक्ष वेधण्यासाठी आहे, अशी त्यांची धारणा होती. आपल्या बॉम्बने कोणाचा बळी घेतला नाही, असे ते पुढेही सांगत. व्यक्तिशः त्यांच्यापुरते ते खरेच होते. पण हत्यार एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की मूळच्या हेतूला काय किंमत राहते? ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्डच्या समजुतीने एका गाडीवर बॉम्ब टाकला. गाडीत किंग्जफोर्ड नव्हता. केनेडी नावाच्या आई आणि मुलगी त्यात होत्या. दोघींचा मृत्यू झाला. तो बॉम्ब तयार करणारे हात हेमचंद्र दासांचे होते, पॅरिसमध्ये बापटांसोबत शिकलेले हेमचंद्र.

मुझफ्फरपूरनंतर अलीपूर कटाचे धरपकडसत्र सुरू झाले. माफीच्या साक्षीदाराने तोंड उघडल्यावर बापटांचे नाव पोलिसांपर्यंत पोहोचले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे साडेचार वर्षे ते वेष पालटून फिरत राहिले. याच काळात महाराष्ट्रात नाशिकचे प्रकरण घडले. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. बापट त्या कटात नव्हते. १९१२ मध्ये इंदूरला ते पकडले गेले. परंतु त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा उभा राहू शकला नाही आणि काही काळाने त्यांची सुटका झाली.

बंदूक नाही, झाडू

यानंतरची पाच-सहा वर्षे त्यांच्या चरित्रात विशेष महत्त्वाची आहेत, पण त्यांची चर्चा फारशी होत नाही. बॉम्बची विद्या शिकून आलेला हा विलायतेचा विद्यार्थी पारनेरला परतला आणि पहाटे उठून गावचे रस्ते झाडू लागला. शौचकूपांची सफाईही त्यांनी हलकी मानली नाही. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मंडळींची बसवली. शंभर वर्षांपूर्वीच्या पारनेरात, ब्राह्मण घरात हे करणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पुण्यात आल्यावरही झाडू सुटला नाही. पोटासाठी त्यांनी लोकमान्यांच्या ‘मराठा’ पत्रात आणि केतकरांच्या ज्ञानकोशात काम केले. अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी ते घरोघर हिंडले.

त्यांचा पिंड असा दुहेरी होता. एका हाताला तलवार, दुसऱ्या हाताला केरसुणी. आणि दोन्हींत विसंगती आहे असे त्यांना वाटत नसे. हा माणूस मुळशीला जाऊन पोहोचला तो १९२१ च्या सुमारास.

मुळा-निळेच्या काठी

मुळशी पेटा म्हणजे पुण्याच्या पश्चिमेचा मावळ. पाऊस प्रचंड, जमीन भाताची, आंबेमोहोरासाठी नावाजलेली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून साठलेले पाणी घाटमाथ्यावरून कोकणात सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचे आणि त्या पडत्या पाण्यावर वीज तयार करायची, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्येच सुरू झाले होते. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती. सरकारने योजनेला पाठबळ दिले आणि भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या मदतीला धावून आला. पन्नासच्या आसपास गावे आणि हजारो माणसे पाण्याखाली जाणार होती.

संघर्षाची ठिणगी कशी पडली, याविषयी जी हकिगत सांगितली जाते तिच्यातही एक पिस्तूल आहे. जमीन ताब्यात घेण्याची प्रक्रिया पुरी होण्याआधीच कंपनीची माणसे शेतात चर खणू लागली. एका मावळ्या शेतकऱ्याने अडवले, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याशिवाय साधी बंदूक बाळगणेही गुन्हा ठरले होते. भातात शिरणारी डुकरे हाकलण्यासाठी ज्याच्या घरी ठासणीची बंदूकही नसे, अशा माणसासमोर ते पिस्तूल रोखलेले होते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे माणसे धरणाच्या जागी जमली आणि काम बंद पाडण्यासाठी तिथेच बसून राहिली. यात मावळे होते, बायका होत्या, मुले होती, पुण्याहून आलेले कार्यकर्तेही होते. न. चिं. केळकर यांच्यासारख्यांचा पाठिंबा होता. विनायकराव भुस्कुटे हे प्रमुख संघटक. शंकरराव देव यांच्यासारखे निष्ठावंत गांधीवादी त्यात होते. गांधीजींनी आपल्या पत्रात मुळशीची बाजू घेऊन टाटांना पुनर्विचाराचे आवाहन केले. कंपनीने काही महिन्यांसाठी काम थांबवले. मावळ्यांनी लढा जिंकल्यासारखाच वाटला.

पाऊस संपला आणि काम पुन्हा सुरू झाले. त्याबरोबर धरपकडही. बापटांना याच लढ्यात सेनापती ही पदवी मिळाली, जी पुढे त्यांच्या नावाचाच भाग झाली. मुळशीसाठी ते तीनदा तुरुंगात गेले. शंकरराव देवांना येरवड्याच्या तुरुंगात फटक्यांची शिक्षा भोगावी लागली.

लढा खिळखिळा झाला तो मात्र केवळ सरकारी दडपशाहीने नव्हे. मुळशीच्या कित्येक जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या कपाटात होते. शेत कसणारा मावळा वेगळा आणि कागदोपत्री धनी वेगळा. नुकसानभरपाईचा आकडा वाढताच यातील अनेकांना विरोध करण्याचे कारण उरले नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात जमीनदार-सावकार आणि कसणारे यांच्यातील ही दरी ठळकपणे पुढे येते. जमीन जाते म्हणून जीव द्यायला तयार असलेला माणूस आणि जमिनीचा भाव किती येतो ते पाहणारा माणूस एकाच झेंड्याखाली फार काळ उभे राहू शकत नाहीत.

शुद्ध सत्याग्रह

लोक पांगू लागले, तसा साधनांचा प्रश्न पुढे आला. अहिंसेची मर्यादा कसोशीने पाळावी, असे म्हणणारा एक गट होता. बापटांचे मत वेगळे होते. सत्यासाठी मरण्याची तयारी, मनात वैर नसणे, कृत्य उघडपणे करणे आणि शिक्षा न टाळणे या अटी पाळल्या तर बळाचा वापर केल्यानेही सत्याग्रह अशुद्ध होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. प्रथम कंपनीच्या मालमत्तेला हात लावायचा, ही पायरी आली. मग माणसांवर शस्त्र रोखण्याची.

१९२४ च्या डिसेंबरात बापट आणि त्यांचे मोजके साथीदार तलवार आणि पिस्तूल घेऊन कंपनीच्या रेल्वेवर गेले. रुळांवर दगड रचून त्यांनी कामगारांना घेऊन जाणारी गाडी थांबवली. आतील लोकांना खाली उतरण्यास सांगितले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे जखमी झाली. कोणाचा प्राण गेला नाही. जीव घेण्याचा नव्हे, तर काम थांबवण्याचाच आपला हेतू होता, ही बापटांची भूमिका होती. बापट पळाले नाहीत. कृत्य उघड करायचे आणि शिक्षा टाळायची नाही, या स्वतःच्या नियमाला ते पुरेपूर जागले.

त्या पिस्तुलाकडे शिकाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर काय दिसते? त्या काळच्या हातातल्या हत्यारांची ताकद आज मोजता येते. ३२ बोअरच्या छोट्या पिस्तुलाच्या गोळीचा जोर साधारण सव्वाशे फूट-पौंड भरतो. लष्करी अधिकारी वापरत ते ४५५ बोअरचे जाडजूड वेब्ली रिव्हॉल्व्हरही तीनशेच्या आतच राहते. हरणासाठी रायफलीच्या गोळीत हजार फूट-पौंड जोर असावा, असा शिकाऱ्यांचा जुना ढोबळ दंडक आहे. म्हणजे १९२४ सालची ही हत्यारे हरणाच्या शिकारीला सर्वस्वी अपुरीच. हातात मावणाऱ्या हत्याराने हरीण मारण्याचा विचार गंभीरपणे सुरू झाला तो पुढे अमेरिकेत. १९३५ मध्ये ३५७ मॅग्नम हे काडतूस आले आणि १९५५ च्या सुमारास एल्मर कीथ यांच्या आग्रहातून ४४ मॅग्नम आले. त्याचा जोर नऊशे फूट-पौंडांच्या घरात जातो. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी हातातले हत्यार कमीत कमी केवढ्या बोअरचे, केवढ्या नळीचे किंवा ताकदीचे असावे, याचे नियमही आहेत. नियमाचा उद्देश एकच, जनावर अर्धमेले होऊन पळू नये.

पण जे हत्यार हरणाला पाडण्यास अपुरे, ते माणसाला मारण्यास अपुरे असते असे मुळीच नाही. जोर कमी म्हणजे धोका कमी, हा सरळ हिशेब इथे चालत नाही. जॅक्सन यांचा जीव लहानशा पिस्तुलाने गेला. उलट २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी समोरून गोळी झाडली, तेव्हा खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणाने ती अडवली आणि हॉटसन वाचले असे सांगतात. एक गोळी बटणाला अडते, दुसरी बरगड्यांमधून आरपार जाते.

मारायचे नसेल तर पायावर नेम धरावा, हा विचार वरवर दयाळू वाटतो. वास्तविक मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. ती तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने दगावू शकतो. १९२४ च्या मुळशीत, जवळ ना दवाखाना ना मोटार, तर त्याची शक्यता अधिकच. शिकारी पायावर नेम धरत नाही तो केवळ दयेपोटी नव्हे. पाय हे हलते, अरुंद आणि बेभरवशाचे लक्ष्य असते म्हणूनही. रायफल क्लबात शिकलेल्या बापटांच्या हाताला ही जाण असणारच. तरीही त्या दिवशी कोणी मेले नाही, याचे श्रेय त्यांच्या संयमाला द्यावे लागते. पण तेवढेच ते नशिबालाही द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट या प्रसंगात डोळ्यांत सलते. पिस्तुलापुढे उभी होती ती माणसे टाटांच्या संचालक मंडळातली नव्हती, कलेक्टर कचेरीतलीही नव्हती. ती धरणाच्या कामावर राबणारी रोजंदारीची माणसे होती, पोटापाण्यासाठी इंजिन चालवणारा चालक होता. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांच्याइतकीच ही माणसेही हातावर पोट असलेली. मुंबईच्या गिरण्यांत वीज मागणाऱ्यांपर्यंत गोळी पोहोचणे शक्यच नव्हते. बापटांसारख्या, पंगतीत पहिला मान अस्पृश्यांना देणाऱ्या माणसाच्या हातून हे घडावे, हा या चरित्रातला सर्वांत अवघड भाग आहे. त्याचे समर्थन करणारे त्या वेळीही होते, आजही आहेत. बापटांच्या निष्ठेविषयी तिळमात्र शंका न घेता असे म्हणता येते, की त्या दिवशी निवडलेले साधन चुकीचे होते.

गांधीजींनी या लढ्यापासून अंतर राखले. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे आणि लढ्याचे नेतृत्व अहिंसेवर विश्वास नसलेल्या व्यक्तीकडे आहे, या कारणांसाठी मुळशीचा नाद सोडावा, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. तिसऱ्या कारणाने अनेकांची मने दुखावली. पहिली दोन कारणे मात्र वस्तुस्थितीच सांगत होती. गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा लढा जवळजवळ हरलेला होता. पिस्तुलाने तो हरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पिस्तुलाने तो वाचलाही नाही. उलट, मुळशीचा विषय निघाला की विस्थापितांऐवजी गोळीबाराची चर्चा व्हावी, अशी सोय झाली.

सिंधच्या कोठडीत

बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात झाली. मराठी कानावर पडणेही दुर्मीळ अशा त्या ठिकाणी ते १९३१ पर्यंत होते. ते तिथे असतानाच, १९२७ मध्ये कोकणातील भिरा येथे वीजगृह सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला पोहोचली. जी गाडी त्यांनी अडवली होती तिने वाहून नेलेल्या श्रमांतून भिंत उभी राहिली होती. गावे पाण्याखाली गेली. माणसे वरच्या डोंगरउतारांवर सरकली, काही दूर निघून गेली.

सुटून आल्यावर १९३१ मध्येच ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सशस्त्र मार्गाचा उघड पुरस्कर्ता काँग्रेसच्या प्रांतिक अध्यक्षपदी यावा, यावरून त्यांच्याविषयीचा आदर किती होता याची कल्पना येते. पण बाहेर राहणे फार काळ जमले नाही. भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि ते सुटले ते १९३७ मध्ये. या तुरुंगवासात, गांधीजींच्या उपोषणाला साथ म्हणून त्यांनीही उपोषण केले. ज्यांच्याशी साधनांबाबत मतभेद, त्यांच्यासाठीच स्वतःचे प्राण पणाला लावण्याची ही रीत बापटांचीच. पुढे सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला, तेव्हा महाराष्ट्र शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. हैदराबाद संस्थानातील लढ्यातही ते होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

शस्त्राविषयीची त्यांची मते म्हातारपणी बदलली होती असे दिसत नाही. परंतु १८ मे १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींची पहिली तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली, तेव्हा नानासाहेब गोरे यांच्यासोबत तिच्या अग्रभागी बापट होते. वय पंचाहत्तरीचे. या वेळी हाती तलवार नव्हती, पिस्तूल नव्हते. समोर पोर्तुगीज सैनिक आणि पोलीस सशस्त्र होते. सत्याग्रहींना बेदम मारहाण झाली. गोऱ्यांना दीर्घ शिक्षा सुनावण्यात आली. वृद्ध सेनापतींना हद्दीबाहेर आणून सोडण्यात आले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते आघाडीवर राहिले.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हरणाच्या शिकारीसाठी कोणते बोअर, हा मुळशीच्या काय, देशातल्या कोणत्याही रानातला वादच पुढे कायद्याने मिटला. मुळशीच्या वरच्या अंगाला ताम्हिणीचा जंगलपट्टा २०१३ मध्ये अभयारण्य झाला. धरण अजून टाटांकडे आहे, भिऱ्याची वीज अजून मुंबईला जाते. जलाशयाच्या काठावरून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याने पावसाळ्यात पुण्याच्या मोटारींची रांग लागते. त्यातील बहुतेक जण सेनापती बापट हे नाव ओळखतात ते पुण्यातील एका गजबजलेल्या रस्त्याचे म्हणून.